वाण आणि गुण : कुत्र्याच्या रंगाविषयीच्या रूढ समजुतींचा भाषिक विचार

'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' ही म्हण मराठीत सर्वपरिचित आहे. संगतीचा परिणाम सांगण्यासाठी ती नित्य वापरली जाते. परंतु तिच्यातील 'वाण' या शब्दाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. 'वाण' हे संस्कृत 'वर्ण' या शब्दाचे तद्भव रूप होय. 'सावळा वाण' यासारख्या प्रयोगात त्याचा 'रंग' हा मूळ अर्थ टिकून आहे. 'भाताचे वाण', 'ज्वारीचे वाण' या प्रयोगांत मात्र तोच शब्द 'प्रकार, कुळी, जात' या अर्थाने येतो. आधी रंगावरून प्रकार ओळखावयाचा आणि पुढे रंगाचाच शब्द प्रकाराला लावावयाचा, असा हा अर्थप्रवास आहे.

म्हणीचे वैशिष्ट्य हे की, तिने वाण आणि गुण यांची फारकत केली आहे. शेजारी बांधल्याने ढवळ्याचा पांढरा रंग पवळ्याला लागत नाही, सवयी मात्र लागतात. रंग जन्माने येतो आणि गुण पुष्कळसा सहवासाने घडतो, हा भेद तिच्या कर्त्याने नेमका टिपला आहे. कुत्र्याच्या बाबतीत मात्र सुशिक्षित व अशिक्षित अशा दोन्ही वर्गांत नेमकी उलट समजूत आढळते. रंगावरून कुत्र्याची जात ठरविली जाते, जातीवरून गुण ठरविला जातो, आणि शेवटी रंगावरूनच गुण वर्तविला जातो. या समजुतींपैकी काही निरीक्षणातील चुकांमुळे निर्माण झाल्या आहेत. परंतु पुष्कळशा शब्दांनी घडविल्या आहेत. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रकारच्या समजुतींचे विवेचन करावयाचे आहे.

१. दोन परिभाषांचा तालुका

या विवेचनासाठी पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुका हे एक सोयीचे उदाहरण ठरते. इतिहासात हा तालुका १९२१ ते १९२४ या काळातील मुळशी सत्याग्रहामुळे प्रसिद्ध आहे. आज त्याची दोन टोके दोन भिन्न जगांत आहेत. पश्चिमेस ताम्हिणीच्या बाजूला सह्याद्रीचा घाटमाथा, भाताची खाचरे, लहान वाड्या व धनगरवस्त्या आहेत. पूर्वेस हिंजवडी व माण येथे माहिती-तंत्रज्ञानाची उद्याने आणि उंच गृहसंकुले उभी आहेत. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात, भूगाव, पिरंगुट, पौड या बाजूला, जुनी गावे आणि शहरवासीयांची शेतघरे एकमेकांना खेटून आहेत.

कुत्रा या दोन्ही जगांत आहे. परंतु त्याचे वर्णन करणारी भाषा एक नाही. खेड्यातील भाषेत कुत्रा काळा, तांबडा, भुरा, कबरा, बांडा असतो. हे शब्द मुख्यतः गुराढोरांच्या वर्णनातून आलेले आहेत. त्यावरूनच काळू, लाल्या, भुऱ्या, ठिपक्या, मोत्या ही हाकेची नावे पडतात. शेतघरातील कुत्रा मात्र 'फॉन', 'चॉकलेट', 'सिल्व्हर', 'ब्लू', 'मर्ल' असतो. ही इंग्लंड-अमेरिकेतील श्वानसंघांची परिभाषा होय. पहिली परिभाषा जनावर ओळखण्यासाठी निर्माण झाली, दुसरी नोंदणीसाठी आणि विक्रीसाठी. दोन्ही परिभाषा एकाच प्राण्याला लावल्या जाऊ लागल्या की एकीतील शब्दाचा अर्थ दुसरीत शिरतो, आणि तेथेच गैरसमजांस आरंभ होतो.

२. 'तांबडा' या शब्दाची व्याप्ती

रंगवाचक शब्दांच्या अभ्यासात ब्रेंट बर्लिन व पॉल के यांचा १९६९ मधील ग्रंथ पायाभूत मानला जातो. एखादा शब्द 'मूलभूत रंगवाचक' ठरण्यासाठी त्यांनी ज्या कसोट्या घातल्या, त्यांपैकी एक अशी की, त्या शब्दाचा वापर विशिष्ट वर्गातील वस्तूंपुरता मर्यादित नसावा. या कसोटीनुसार 'बांडा', 'कबरा', 'अबलख' हे मराठी शब्द यादीबाहेर जातात. कापडाला किंवा भिंतीला कोणी 'बांडी' म्हणत नाही. सिद्धान्ताच्या दृष्टीने ही कसोटी योग्य असेल. परंतु तिच्यामुळे प्राणिवर्णनाचे शब्द दुय्यम ठरून अभ्यासकांच्या नजरेआड झाले. वस्तुतः या शब्दांची अर्थरचना अधिक सूक्ष्म आहे. 'बांडा' हा रंग नव्हे, ती रंगांची मांडणी होय. म्हणूनच 'काळाबांडा' आणि 'तांबडाबांडा' असे दोन स्वतंत्र शब्द बनू शकतात. संस्कृत 'कर्बुर' या शब्दाशी जुळणारा 'कबरा' हा शब्दही मिश्रणाचा वाचक आहे. छटा आणि मांडणी यांतील हा भेद खेड्यातील बोलीने सहज पाळला आहे. पुढे दिसून येईल त्याप्रमाणे, आनुवंशिकशास्त्रालाही तोच भेद करावा लागतो.

बोलीची मर्यादा दिसते ती 'तांबडा' या शब्दात. तांब्यावरून आलेला हा शब्द लालसर, नारिंगी, पिंगट आणि गडद उदी अशा सर्व छटांना कवेत घेतो. 'तपकिरी' हा शब्द उघडच 'तपकीर' या शब्दावरून बनला आहे. आणि तंबाखू पोर्तुगीजांबरोबर भारतात आली असल्यामुळे त्या अर्थाने तो फार जुना असू शकत नाही. त्यामुळे लालसर केसांचा कुत्रा आणि चॉकलेटी केसांचा कुत्रा हे दोघेही जुन्या बोलीत 'तांबडे'च. परंतु या दोहोंच्या केसांतील रंगद्रव्ये अगदी वेगळी असतात. त्यांची ओळख केसांवरून पटली नाही तरी नाकावरून पटते. चॉकलेटी कुत्र्याचे नाक आणि डोळ्यांच्या कडा तपकिरी असतात. लालसर कुत्र्याचे नाक सामान्यतः काळे असते. एका शब्दाने झाकलेला भेद नाकाच्या शेंड्यावर उघडा पडतो.

'भुरा' या शब्दाची स्थिती याहून चमत्कारिक आहे. मराठीत 'भुरे केस' म्हणजे फिकट, पिवळट-पांढुरके केस. हिंदीत 'भूरा' म्हणजे तपकिरी. पुण्यासारख्या ठिकाणी, जेथे विकणारा हिंदीत बोलतो आणि घेणारा मराठीत ऐकतो, तेथे एकच शब्द दोन वेगळे कुत्रे डोळ्यांपुढे उभे करतो. 'ब्लू' या शब्दाचे शब्दशः 'निळा' असे भाषांतर करणेही असेच फसवे आहे. तो रंग मराठीत सरळ 'राखी' आहे, आणि तो निराळा रंग नसून काळ्याचीच विरळ झालेली छटा आहे.

३. रंगाची घडण

कुत्र्याच्या केसांत मुळात दोनच रंगद्रव्ये असतात. एक युमेलॅनिन; ते काळे, किंवा विशिष्ट जनुकामुळे तपकिरी, असते. दुसरे फिओमेलॅनिन, ते फिकट पिवळ्यापासून गडद तांबड्यापर्यंत असू शकते. जेथे कोणतेही रंगद्रव्य पोहोचत नाही तेथे केस पांढरा राहतो. एवढ्या साहित्यातून कुत्र्यांचे सारे रंग घडतात. त्यांची विविधता मुख्यतः तीन प्रकारच्या जनुकांमुळे येते. काही जनुके दोहोंपैकी कोणते द्रव्य कोठे तयार व्हावे हे ठरवितात. काही त्या द्रव्याची छटा बदलतात. आणि काही शरीराच्या कोणत्या भागात रंगपेशी पोहोचाव्यात हे ठरवितात. छटा आणि मांडणी हा बोलीतील भेद येथे शास्त्रीय रूपात पुन्हा भेटतो.

या विषयाची पहिली सुसंगत मांडणी अमेरिकन आनुवंशिकतज्ज्ञ क्लॅरन्स कुक लिट्ल यांनी १९५७ मधील आपल्या ग्रंथात केली. प्रजननाच्या नोंदींवरून त्यांनी जनुकस्थानांची जी अक्षरमालिका बसविली, ती आजही वापरात आहे. तथापि एका महत्त्वाच्या बाबतीत तिच्यात दुरुस्ती करावी लागली. प्रभावी काळा रंग हा ज्या जनुकस्थानातून येतो असे लिट्ल यांनी मानले होते, तेथून तो येत नाही. शरीराच्या रोगप्रतिकाराशी संबंधित असलेल्या बीटा-डिफेन्सिन कुळातील एका जनुकातून तो येतो, असे २००७ मध्ये सिद्ध झाले. त्याच जनुकाच्या आणखी एका रूपामुळे पिवळट अंगावर काळे पट्टे उमटतात.

पिवळट-तांबूस रंगाचा इतिहास याहूनही उद्बोधक आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार, कुत्र्यांत पिवळा रंग निर्माण करणाऱ्या एका जनुकरूपाचा वंश सुमारे वीस लाख वर्षांपूर्वी वेगळा झालेला असून तो आता नामशेष झालेल्या एखाद्या श्वानकुलीन प्राण्याकडून आलेला असावा. उत्तर ध्रुवाकडील पांढऱ्या लांडग्यांतही त्याचाच भाग आढळतो. म्हणजे हा रंग खुद्द कुत्र्याहून प्राचीन आहे. खेड्यातील पिवळट कुत्रा पाहून 'कशाकशाचे मिश्रण' असे जे म्हटले जाते, त्याला रंगाचा आधार मिळत नाही.

४. पाच समजुती

(अ) 'एका वेतात निरनिराळ्या रंगांची पिले असली, तर त्यांचे बाप निरनिराळे.' एका वेतातील पिलांना एकाहून अधिक नर जनक असू शकतात, ही गोष्ट खरी आहे. परंतु रंगभेद हा त्याचा पुरावा नव्हे. लॅब्रॅडॉर या जातीत काळा, चॉकलेटी व पिवळा हे तिन्ही रंग दोन काळ्या आईबापांच्या पोटी एकाच वेतात येऊ शकतात. कारण चॉकलेटी व पिवळ्या रंगांची जनुकरूपे अप्रभावी असून ती काळ्या रंगाखाली कित्येक पिढ्या दडून राहतात. १८९९ मध्ये इंग्लंडात जन्मलेला 'बेन ऑफ हाइड' हा नोंदणी झालेला पहिला पिवळा लॅब्रॅडॉर होय. त्याचे आईबाप काळे होते. त्यापूर्वी अशी पिले अशुद्ध समजून बाजूला काढली जात. आज तोच पिवळा रंग जातीची ओळख बनला आहे. आपल्याकडे त्याला 'गोल्डन' म्हणण्याची रीत पडली असून त्यामुळे लॅब्रॅडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हर या दोन जातींची सरमिसळ होते, हा शब्दाने केलेला आणखी एक घोटाळा.

पिलाचा जन्मवेळचा रंग कायम राहतो, ही समजूतही याच वर्गातील आहे. डाल्मेशियन जातीची पिले पांढरी जन्मतात आणि त्यांचे ठिपके सुमारे दोन आठवड्यांनी दिसू लागतात. अनेक तांबूस कुत्री जन्मतः काळपट असतात.

(आ) 'रंगावरून जात ओळखता येते.' महाराष्ट्रातील व मराठी संस्थानांशी संबंधित अशा शिकारी कुत्र्यांचे उदाहरण येथे घेण्यासारखे आहे. लातूरकडे 'कारवान' व 'पश्मी' ही नावे प्रचलित आहेत. मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी या प्रकारच्या कुत्र्यांची जोडी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज राजाला भेट दिली, आणि तेव्हापासून 'मुधोळ हाउंड' हे नाव रूढ झाले. भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये देशी कुत्र्यांवर काढलेल्या चार तिकिटांत मुधोळचा समावेश होता. यांपैकी 'पश्मी' हे नाव ऐकून पुष्कळांना ती विशिष्ट रंगाची निराळी जात वाटते. वस्तुतः 'पश्म' हा फारसी शब्द असून त्याचा अर्थ लोकर किंवा मऊ केस असा आहे. पश्मी म्हणजे कान, पाय व शेपटी यांवर लांब मऊ केस असलेला. कारवान म्हणजे तुकतुकीत, आखूड केसांचा. 'कारवान' हा शब्द तर काफिल्याचा वाचक आहे. म्हणजे या तीन नावांपैकी एक केसांच्या पोताचे, एक प्रवासी तांड्याचे आणि एक गावाचे नाव आहे. रंगाचे एकही नाही. या कुत्र्यांत काळा, पांढरा, भुरा, तांबूस, राखी आणि बांडा असे अनेक रंग आढळतात. यांची ओळख पटते ती लांब निमुळत्या तोंडावरून, खोल छातीवरून आणि आत ओढलेल्या पोटावरून. रंगासाठी निवड करणारा पालक या ओळखीकडेच दुर्लक्ष करतो.

(इ) 'जातिवंत मादीचा एकदा गावठी कुत्र्याशी संबंध आला की ती बाटते, आणि पुढील सर्व वेतांवर त्याची छाया पडते.' ही समजूत केवळ आपल्याकडची नाही. लॉर्ड मॉर्टन यांच्या घोडीचा क्वागा या पट्टेरी प्राण्याशी संकर झाल्यानंतर तिला काळ्या अरबी घोड्यापासून झालेल्या शिंगरांवरही पट्टे दिसले, अशी हकीकत १८२१ मध्ये रॉयल सोसायटीपुढे आली. आणि डार्विननेही ती ग्राह्य मानली. एडिंबरोजवळ पेनीक्विक येथे कॉसर इवर्ट यांनी १८९० नंतरच्या दशकात झेब्रा व घोड्या यांवर पद्धतशीर प्रयोग केले. त्यांत या समजुतीला आधार मिळाला नाही. पट्टे पूर्वीच्या नराशिवायही उमटतात असे दिसून आले. पहिल्या नराचा पुढील वेताशी काहीही आनुवंशिक संबंध राहत नाही, हे आता निर्विवाद आहे. तरीही ही समजूत मराठीत टिकून आहे, आणि तिला बळ देण्याचे काम 'बाटणे' या क्रियापदाने केले आहे. हे क्रियापद मूळचे सोवळ्या-ओवळ्याच्या व धर्मांतराच्या शब्दसृष्टीतील. त्यात विटाळ हा एकदा लागला की पुसला न जाणारा मानला जातो. जो अर्थ शब्दात आहे तोच प्राण्याच्या शरीरावर लादला गेला.

(ई) 'रंगावरून स्वभाव कळतो.' काळा कुत्रा उग्र, पट्टेरी कुत्रा वाघासारखा शूर, डोळ्यांवर ठिपके असलेला कुत्रा अदृश्य पाहणारा, अशा या समजुती होत. काळ्या कुत्र्याची सांगड काळभैरवाशी घातली जाते. परंतु संस्कृत 'काल' या शब्दाचे काळा रंग आणि समय किंवा मृत्यू असे दोन अर्थ आहेत, आणि भैरवाच्या नावात दुसराच अर्थ प्रधान आहे. 'वाघ्या' या नावाचेही तसेच. ते पट्ट्यांवरून पडले असे सहज वाटते. परंतु पुणे जिल्ह्यातील जेजुरी हे ज्याचे मुख्य स्थान, त्या खंडोबाच्या परंपरेत 'वाघ्या' हे उपासकाचे नाव आहे, आणि हा उपासक स्वतःला देवाचा कुत्रा मानतो. तेव्हा एखाद्या कुत्र्याला वाघ्या म्हटले जाते ते पट्ट्यांमुळे की भक्तीमुळे, हे केवळ नावावरून सांगता येणार नाही.

डोळ्यांवरील ठिपक्यांची परंपरा सर्वांत जुनी आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात यमाच्या दोन कुत्र्यांना 'चतुरक्ष' आणि 'शबल' ही विशेषणे आली आहेत. अवेस्तातही मृतासमोर आणावयाच्या कुत्र्याचे 'चार डोळ्यांचा' असे वर्णन आहे. मंगोलियातील पशुपालक आजही असे ठिपके असलेल्या कुत्र्याला चार डोळ्यांचा म्हणतात. काळ्या अंगाच्या कुत्र्याला भुवयांच्या जागी दोन तांबूस ठिपके असले की दुरून चार डोळ्यांचा भास होतो, आणि 'चतुरक्ष' या विशेषणाचा असा उलगडा अभ्यासकांनी केला आहे. ही मांडणी एका ज्ञात जनुकरूपाने घडते आणि ती पाठच्या पिढ्यांत ठरावीक नियमाने उतरते. तिच्यात अलौकिक काही नाही; परंतु तीन हजार वर्षांपूर्वीच्या शब्दाने एक रंगमांडणी इतक्या अचूकपणे टिपून ठेवावी, ही गोष्ट भाषाभ्यासकाला महत्त्वाची वाटल्यावाचून राहत नाही.

येथे एका जुन्या ग्रंथाची साक्ष उद्बोधक ठरेल. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत कुत्र्याच्या शुभलक्षणांचे छोटेसे प्रकरण आहे. नराच्या लक्षणांत पुढच्या उजव्या पायाला सहा नखे, तांबूस ओठ व नाक, सिंहासारखी चाल, केसाळ शेपटी, लांब मऊ कान अशी यादी येते. अंगाच्या रंगाचा उल्लेख त्यात नाही. मादीच्या वर्णनात तेवढा 'पिंगल' हा शब्द येतो. शकुनशास्त्रानेही रंगाला आजच्या विक्रेत्याइतके महत्त्व दिलेले नाही. आधुनिक पुरावा तर रंगाच्याच नव्हे, जातीच्याही दाव्याला मर्यादा घालतो. २०२२ मध्ये अमेरिकेत अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या पाहणीवर आधारलेले जे संशोधन प्रसिद्ध झाले, त्यात निरनिराळ्या कुत्र्यांच्या वर्तनांतील फरकांपैकी केवळ सुमारे ९ टक्के फरकाचा उलगडा जातीने होतो असे आढळले. जातीचे हे प्रमाण असेल, तर एकट्या रंगावरून स्वभाव वर्तविण्यास कितीसा आधार उरतो?

(उ) 'दुर्मिळ रंगाचा कुत्रा अधिक मौल्यवान.' याच्या उलट बाजूस 'रंग हा निव्वळ शोभेचा भाग, त्याचा प्रकृतीशी काही संबंध नाही' अशीही एक समजूत आहे. दोन्ही चुकीच्या आहेत, आणि दोन्हींची किंमत कुत्र्याला मोजावी लागते. रंगपेशी केवळ कातडीत नसतात, अंतर्कर्णातही असतात. तेथे त्या पोहोचल्या नाहीत तर श्रवणशक्ती नष्ट होते. डाल्मेशियन जातीत सुमारे ३० टक्के कुत्री एका किंवा दोन्ही कानांनी बहिरी असल्याचे अमेरिकेतील तपासणीत आढळले आहे. 'मर्ल' म्हणून विकल्या जाणाऱ्या संगमरवरी रंगाच्या दोन कुत्र्यांचा संयोग केला, तर ज्या पिलांना ते जनुकरूप दोन्हींकडून मिळते, ती बहुधा पांढरी असतात आणि त्यांच्यात बहिरेपणा व नेत्रदोष वारंवार आढळतात. राखी रंगाच्या काही कुत्र्यांचे केस गळून कातडी उघडी पडते. याउलट पांढरा कुत्रा म्हणजे वर्णहीन असे समजणेही योग्य नाही. काळे नाक आणि गडद डोळे असलेल्या पांढऱ्या कुत्र्याच्या शरीरात रंगद्रव्य असतेच, फक्त केसांत ते उतरलेले नसते.

रंगाच्या हव्यासाचा परिणाम दाखविणारे सर्वांत स्पष्ट उदाहरण लॅब्रॅडॉरचेच आहे. इंग्लंडातील पशुवैद्यकीय नोंदींवरून २०१८ मध्ये असे दाखविण्यात आले की, चॉकलेटी लॅब्रॅडॉरचे मध्यक आयुर्मान १०.७ वर्षे, तर अन्य रंगांच्या लॅब्रॅडॉरचे १२.१ वर्षे होते. कातडीचे व कानांचे विकारही चॉकलेटी कुत्र्यांत अधिक होते. याचे कारण तपकिरी रंगद्रव्य विषारी आहे असे नव्हे. अप्रभावी रंग हमखास मिळावा म्हणून मोजक्याच घराण्यांत पुनःपुन्हा संयोग घडविल्यामुळे रंगाबरोबर इतर दोषही एकत्र आले असावेत, असा संशोधकांचा तर्क आहे. येथे वाणाबरोबर अवगुण आला तो निसर्गाने नव्हे, निवडीने.

५. लांडग्याचा रंग

या चर्चेला केवळ पाळीव प्राण्यापुरते महत्त्व आहे असे समजू नये. उत्तर अमेरिकेतील काळ्या लांडग्यांचा काळा रंग हा मूळ कुत्र्यांकडून त्यांच्यात आला, असे २००९ मध्ये सिद्ध झाले आहे. पुण्याच्या परिसरातील कोरड्या माळरानांवरही नेहमीच्या करड्या-पिंगट रंगाहून वेगळे, पिवळसर दिसणारे लांडगे आढळले. त्यांच्या जनुकीय तपासणीतून लांडगा व कुत्रा यांचा संकर झाल्याचा पुरावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. येथे रंगाने शंका उत्पन्न केली, परंतु निर्णय दिला तो जनुकांच्या तपासणीने. रंगाचे योग्य स्थान एवढेच आहे. तो प्रश्न विचारावयास लावतो, उत्तर देत नाही. वेगळ्या रंगाचा प्रत्येक लांडगा संकरित आणि नेहमीच्या रंगाचा प्रत्येक लांडगा शुद्ध, असे मानून संरक्षणाचे धोरण आखले तर ते दोन्ही बाजूंनी फसेल.

६. जातीचे शब्द आणि कुत्रा

वरील सर्व समजुतींना जोडणारा एक धागा आहे. वर्ण, वाण, जात, जातिवंत, कुळी, अस्सल, बाटणे हे सारे शब्द माणसांच्या उतरंडीतून प्राण्यांच्या वर्णनात आले आहेत. इंग्रजीतही निराळे घडले नाही. भारतातील खेड्यांतल्या कुत्र्याला युरोपीयांनी 'परिया डॉग' म्हटले, ते तमिळ भाषक प्रदेशातील एका बहिष्कृत मानलेल्या समाजाच्या नावावरून. एका समाजाचा अपमान आणि एका प्राण्याची अवहेलना या दोहोंचा भार त्या एका नावाने वाहिला. मराठीतील 'गावठी' हा शब्द त्या मानाने सौम्य असला, तरी 'गावचा' या मूळ अर्थावरून तो 'हलका, मिसळलेला' या अर्थाकडे सरकला आहे. वास्तविक मोकळेपणी वाढणारा खेड्यातील कुत्रा हा निरनिराळ्या जातींच्या मिश्रणातून झालेला नाही. आजच्या बहुतेक नोंदणीकृत जाती १८७३ मध्ये इंग्लंडात केनेल क्लब स्थापन झाल्यानंतरच्या काळात बंदिस्त केल्या गेल्या. खेड्यांतील कुत्री त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत आणि जनुकीय विविधतेच्या दृष्टीने अधिक संपन्न आहेत. शुद्ध-अशुद्धाची जी कल्पना त्यांना लावली जाते, ती त्यांच्याहून वयाने लहान आहे.

जे शब्द माणसांकडून प्राण्यांकडे गेले ते तेथेच थांबत नाहीत. कुत्र्याच्या बाबतीत 'रक्त', 'शुद्धता' आणि 'बाटणे' यांना शास्त्राचा आधार आहे असे एकदा गृहीत धरले, की तोच आधार माणसांच्या बाबतीत दृष्टान्त म्हणून पुढे केला जातो. यास्तव हा विषय केवळ श्वानप्रेमींचा नाही. दृष्टान्तच चुकीचा आहे हे दाखविणे हे भाषाभ्यासकाचेही काम आहे.

या दिशेने करण्याजोगे काम विपुल आहे. मराठी कोशांत प्राण्यांच्या रंगांचे शब्द बहुधा एखाद्या समानार्थी शब्दाने उरकले जातात. मुळशीसारख्या तालुक्यात, जेथे जुनी परिभाषा बोलणारे लोक अजून आहेत आणि नवी परिभाषा वेगाने पसरत आहे, तेथे या शब्दांची पद्धतशीर नोंद करता येईल. अशा नोंदीत शब्दाबरोबर प्रत्यक्ष जनावर पाहिले जावे. नाकाचा रंग, डोळ्यांच्या कडा, छटा आणि मांडणी स्वतंत्रपणे लिहिली जावीत. तोच शब्द बैलाला, बकरीला आणि कुत्र्याला लावला असता अर्थ बदलतो काय हेही तपासले जावे. 'तांबडा' या एका शब्दाखाली किती निराळी जनावरे उभी आहेत, हे तेव्हाच कळेल. 'तांबडा म्हणजे लाल' एवढ्या अर्थावर समाधान मानणारा कोश रंग सांगतो, वाण सांगत नाही.